2004 च्या बॅचकडून सप्रेम भेट

दहावी होऊन वीस वर्षं झाली की माणसाला शाळेची आठवण येते आणि तिची फळं शाळेला भोगावी लागतात. सध्या आमच्याकडं स्नेहमेळाव्यांची लाट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, हरवलेली पोरं सापडतात, निवृत्त गुरुजींना फेटे बांधले जातात, पोटावर बटण लागत नसताना गणवेश घालून चाळिशीची माणसं प्रार्थनेला उभी राहतात आणि सरतेशेवटी शाळेला भेटवस्तू मिळते. राणीसावरगावच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही शाळेत जा, भिंतीवरची घड्याळं मोजली की तिथं किती मेळावे झाले ते कळतं. आमच्या शाळेत पाण्याचे फिल्टर तीन आहेत. पाणी एक दिवसाआड येतं.

2004 च्या बॅचनं मात्र घड्याळ द्यायचं नाही असं ठरवलं. त्यांच्यातला एकजण चाकणला पत्रा कापणाऱ्या लेसर मशीनवर आहे. त्यानं भर मेळाव्यात माइक हातात घेऊन जाहीर केलं, "आपण शाळेला लेसर कटर देऊ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लेसर म्हटल्यावर निम्म्या लोकांना सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवलं आणि उरलेल्यांना गणपतीच्या मिरवणुकीतले हिरवे झोत. वर्गणी बघता बघता पावणेतीन लाखांवर गेली. मशीन निवडण्याचं काम, मी 'मल्टी स्किल' शिकवतो म्हणून, माझ्या गळ्यात पडलं.

या विषयाचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथं गेले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. हातानं काम करता करता शिकायचं, एवढी साधी त्यांची कल्पना. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी आपल्या प्रयोगशाळेची 'फॅब लॅब' बाहेर काढायची ठरवली, तेव्हा अगदी सुरुवातीलाच ती पाबळला आली. म्हणजे खेड्यातल्या पोरांनी संगणकावर चित्र काढायचं आणि यंत्रानं ते कापून हातात द्यायचं, याला महाराष्ट्रात वीस वर्षांहून जास्त काळ उलटून गेलाय. हे मी खरेदी समितीला सांगितलं. त्यावर हेडसर म्हणाले, "ते ठीक आहे, पण कोटेशन तीन लागतील."

समितीत हेडसर, संस्थेचे सचिव, चित्रकलेचे सर, बॅचतर्फे तो चाकणवाला आणि मी. सचिवांना गावभर अण्णा म्हणतात. अण्णांची अपेक्षा पहिल्याच बैठकीत स्पष्ट झाली. "कोणतंबी घ्या सर, पर मोठं घ्या. फाटकातून आत आलेल्या माणसाला दिसलं पायजे."

मी तयारी करून गेलो होतो. 1960 साली थिओडोर मेमन यानं माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, पण आपल्याला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा लेसर 1964 साली बेल लॅबोरेटरीजमध्ये कुमार पटेल यांनी केला. हे पटेल पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी घेऊन अमेरिकेला गेलेले आणि 1938 साली बारामतीत जन्मलेले. समितीनं माणिक ऐकलं नाही, बेल ऐकलं नाही. अण्णा एकदम सावरून बसले.

"कुठले म्हनलाव?"

"बारामती."

"म्हंजे तितंबी त्यायचाच नंबर पैला!"

त्यानंतरची बैठक ऊस, धरणाचं पाणी आणि मराठवाड्याचा अनुशेष यांवर गेली. दांडेकर समितीनं 1984 साली अनुशेष मोजला तेव्हा त्यात लेसर धरला होता काय, असं हेडसरांनी गंभीरपणे विचारलं. विषय पत्रिकेवर परत यायला चहा लागला.

दुसरा पेच वॅटचा. कोटेशनांत चाळीस वॅट, साठ वॅट, ऐंशी वॅट असे आकडे होते. अण्णांनी चष्मा कपाळावर नेला. "साठ वॅटचा बल्ब आपल्या मुतारीत हाय. त्यानं आजपत्तुर काय कापलं?" प्रश्न बिनतोड होता. साठ वॅटचा सगळा उजेड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या ठिपक्यात गोळा केला तर लाकूड उभ्या उभ्या वाफ होऊन जातं, हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. वर हेही सांगितलं, की साठ वॅटचा किरण बाहेर यायला नळीत सहाशेच्या आसपास वॅट ओतावे लागतात, बाकीची वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. हे मात्र अण्णांना फळ्याशिवाय कळलं. "म्हंजे वरून सहाशे मंजूर, गावात पोचले साठ. आपल्याला काय नवीन नाही."

चित्रकलेच्या सरांनी मोबाइलवर एक उघडं यंत्र शोधलं होतं. चार पट्ट्या, मधे एक डोकं, निळा किरण, आणि किंमत आपल्या बजेटच्या दहाव्या हिश्शात. उरलेल्या पैशात शाळेला रंग होईल, असा त्यांचा हिशोब. या निळ्या डायोड लेसरचे गुण मी नाकारत नाही. घरी एकटा माणूस गॉगल लावून, दार लावून बसला तर त्यावर सुंदर कामं होतात. पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून हा निळा किरण सरळ निघून जातो, ते कापतच नाही. आणि डोळ्यातून मात्र तो थेट पडद्यापर्यंत पोचतो. आमच्या वर्गात साठ पोरं. गॉगल त्या खोक्यात एक. कार्बन डायऑक्साइडचा किरण निराळा. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, डोळ्याला दिसत नाही, पण साध्या अ‍ॅक्रिलिकच्या झाकणातसुद्धा तो अडतो. म्हणून माझं मत ठाम झालं: शाळेनं चारी बाजूंनी बंद मशीनच घ्यावं. झाकण उघडताक्षणी किरण बंद पडला पाहिजे, आणि हे विक्रेत्याकडून ऐकायचं नाही, आपल्यासमोर करून घ्यायचं. तरीही त्या झाकणाच्या स्विचला लोहचुंबक चिकटवून फसवायला नववी 'ब' ला किती वेळ लागेल याचा अंदाज मला आहे, त्यामुळं किल्लीचं कुलूप निराळं मागितलं.

थ्री-डी प्रिंटर का नको, असंही कुणीतरी विचारलं. अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांत तो असतो. 2016 पासून केंद्र सरकार अशा शाळांना वीस लाख देतं, दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षं चालवायला. यंत्र छान आहे. पण त्यावर बोटाएवढा गणपती व्हायला तास-दोन तास लागतात आणि आमची तासिका पस्तीस मिनिटांची. लेसरवर एक किल्लीची तबकडी दोन मिनिटांत होते. साठ पोरांच्या वर्गात हा फरक साधा नाही. ज्याचा नंबर मार्चमध्ये येणार तो पोरगा ऑगस्टमध्ये काय शिकतो, हे मला माहीत आहे.

कापायला साहित्य काय, यावर अण्णांकडं तोडगा तयार. "फ्लेक्स! गावात फ्लेक्स कमी हायेत का? एक वाढदिवस झाला की शंभर फूट माल." हिशोब चोख होता, पण फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. त्यावर लेसर चालवला की हायड्रोजन क्लोराइड निघतो. पोरांची फुप्फुसं जळतात आणि मशीनचं लोखंड गंजून जातं. रेक्झीनलाही तीच मनाई. अण्णा जरा विचारात पडले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "बरंच झालं. साहेबांचा चेहरा कापला म्हनून उगं तक्रार नको." तेव्हा कापायचं काय, तर अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, पुठ्ठा, सुती कापड. साठ वॅटला तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक एका फेरीत आरामात जातं.

आता धूर. मशीनचा धूर पंख्यानं ओढून नळीवाटे बाहेर सोडायचा असतो आणि मल्टी स्किलच्या खोलीला खिडकी एकच. ती उघडते पोषण आहाराच्या शेडकडं. मी तिथं फूटपट्टी घेऊन उभा असताना खिचडीच्या मावशी बाहेर आल्या.

"काय मापायलाव सर?"

मी सांगितलं. त्यांनी झारा खाली ठेवला.

"माज्या चुलीच्या धुरानं पोरांचे डोळे जळतेत म्हनून तुमीच मला गॅस आनून दिला. आन् आता तुमचा धूर माज्या भातावर सोडायलाव व्हय?"

एमडीएफच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असतं हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कोटेशनांच्या एकाही पानावर नसलेला प्रश्न त्यांनी झाऱ्यासकट विचारला होता. नळी छतावरून, शेडच्या उलट बाजूला न्यायची ठरली. त्यासाठी वरच्या पत्र्याला भोक पाडावं लागणार आणि पत्रा 1998 च्या बॅचची सप्रेम भेट असल्यानं त्यांची परवानगी घ्यावी, असं हेडसरांचं म्हणणं पडलं. त्यांच्या ग्रुपवर तो विषय अजून चालू आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न मे महिना हा होता. काचेच्या नळीतून सतत पाणी फिरवावं लागतं आणि ते पंचवीस अंशांच्या आसपास राहिलं तर नळी टिकते. परभणी जिल्ह्यात मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. बहुतेक स्वस्त कोटेशनांत 'चिलर' म्हणून सीडब्ल्यू-3000 लिहिलेला होता. नावाचा चिलर, आत फक्त रेडिएटर आणि पंखा. खोलीतल्या हवेपेक्षा थंड पाणी तो करूच शकत नाही. खोली त्रेचाळीस तर पाणी त्रेचाळीसच्या वर. खरा चिलर म्हणजे सीडब्ल्यू-5000, ज्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, आणि त्याला पैसे जास्त पडतात. मी एका विक्रेत्याला फोनवर हे विचारलं. तो म्हणाला, "सर, हमारे पास बेंगलोर में बहुत अच्छा चलता है." बंगळुरात उसाचा रससुद्धा बिनबर्फाचा चालत असेल. त्यात आमचं काय?

पाणीही विहिरीचं, बोअरचं चालत नाही. क्षार नळीत बसतात. डिस्टिल्ड लागतं, म्हणजे गॅरेजवाल्याकडचं बॅटरीचं पाणी. "पोरायला टँकरचं आन् मशीनला बाटलीचं," अण्णा म्हणाले. ते उगाच म्हणत नव्हते. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. सुदैवानं हे पाणी बंद चक्रात फिरतं, एकदा भरलं की महिनोन् महिने पुरतं. एवढं ऐकल्यावर त्यांनी मान्यता दिली.

पाणी आणखी एका ठिकाणी लागतं, ते कोणी सांगत नाही. नळीला वीस हजार व्होल्टच्या घरात दाब द्यावा लागतो, त्यामुळं अर्थिंग पक्कं हवं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आतलं मीठ-कोळसा कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायला हवं. हे काम शिपाईमामांकडं द्यावं असं मी सुचवल्यावर ते एवढंच म्हणाले, "सर, झाडाला घातलं तर निदान उगवतं तरी." पण घालतो म्हणाले. शिवाय त्यांनी विचारलं, "हे बंद कशानं करायचं, ते आदुगर दावा." आपत्कालीन लाल बटण कुठं आहे हे विचारणारा समितीच्या आतबाहेरचा हा एकमेव माणूस.

त्या बटणाच्या बाजूला आग विझवायचा सिलिंडर टांगायचा आहे, तोही कार्बन डायऑक्साइडचा. पुठ्ठा पेटवणारा आणि विझवणारा वायू एकच, याची पोरांना फार गंमत वाटणार. शिक्षकांना गंमत वाटणार नाही अशी अट पुढं आहे: मशीन चालू असताना त्याला सोडून कुठंही जायचं नाही. चहालासुद्धा. स्टाफरूममध्ये मी हे वाचून दाखवलं तेव्हा मल्टी स्किलचा ज्यादा तास घ्यायला उत्सुक असलेल्या दोघांनी माघार घेतली.

आमच्या शाळेत महागाची वस्तू कपाटात ठेवण्याची परंपरा आहे. 1989 चा सूक्ष्मदर्शक अजून नवा दिसतो, कारण त्यातून आजवर फक्त तपासणी अधिकाऱ्यांनी पाहिलंय. हेडसरांनी लेसरसाठीही गोदरेजचं कपाट सुचवलं. ते मावणार नाही हे कळल्यावर कुलूपबंद खोली सुचवली. इथं मात्र मी अडून बसलो. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण असतं आणि हेलियम फार चिवट. वापरा, न वापरा, तो हळूहळू निसटतो. कुलपात ठेवलेली नळीही म्हातारी होते. साहेब येतील तेव्हा दाखवू म्हणून जपून ठेवलं तर साहेब आल्या दिवशीच ती दगा देणार. "म्हंजे वापरलं न्हाई तर बिघडतं?" हेडसरांना हे निसर्गाच्या विरुद्ध वाटलं. त्यांच्या नोकरीत आजपर्यंत वस्तू वापरल्यामुळंच बिघडत आल्या होत्या.

याच सुमारास गावातले सुतारमामा चौकशीला आले. त्यांच्या पोटावर पाय येतोय का, हे त्यांना पाहायचं होतं.

"दरवाजा व्हतो का ह्याच्यावर?"

"नाही मामा. सहा मिलिमीटरच्या आत."

"सहा एमेम? मग चालू द्या." ते निवांत बसले आणि अगदी नेमकं बोलले. "हे खातं किती? माझी करवत दोन-तीन एमेम खाती. ते धरलं न्हाई तर साळ्यात साळा बसत न्हाई."

लेसर पाव मिलिमीटरच्या आत खातो, तेवढंही चित्रात धरावं लागतं. पोरांना हे शिकवायला मी मामांनाच बोलावणार आहे. खाचेत खाच घट्ट कशी बसवायची, यावर त्यांच्याइतका अधिकार जिल्ह्यात कुणाचा असेल असं वाटत नाही.

नमुना पाहायला मी एका मशीनवर आमच्या गावाचं नाव कापून घेतलं. तिथला ऑपरेटर रोज इंग्रजी नावं कापतो. त्याची अक्षरं सुटी पडतात, मग ती एकेक वेचून चिकटवत बसायचं. आमचं 'राणीसावरगाव' मात्र अख्खं एका तुकड्यात हातात आलं, कारण सगळी अक्षरं शिरोरेखेला लटकलेली. ही सोय इंग्रजांना नाही. मग हुरूप येऊन मी 'गंगाखेड' कापायला सांगितलं. सगळं आलं, अनुस्वार तेवढा जाळीतून खाली पडला. तो शोधायला दोघंजण मशीनखाली वाकलो. गंगाखेडच्या लोकांनी रागावू नये. संत जनाबाईंचं गाव आहे, एका टिंबानं काही कमी होत नाही.

कोटेशनं पाहता पाहता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. विक्रेत्यांच्या नकाशात राणीसावरगाव नाही. महाराष्ट्रात सावरगावं चिक्कार. एकाचं माहितीपत्रक बीड जिल्ह्यातल्या सावरगावला फिरून आलं. प्रत्येकजण 'ऑनसाइट सर्व्हिस' लिहितो, पण साइट बालाघाटाच्या डोंगरात आहे म्हटल्यावर आवाज खाली येतो. चाकणवाल्याला जर्मन मशीनचा ध्यास होता. त्याच्या कारखान्यात तेच आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी, मग दोन्ही एकत्र आणू की!" असं त्यानं ग्रुपवर लिहिलं, त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. किंमत विचारल्यावर पाऊस थांबला. आणि ते मशीन मुळात पत्र्याचं, फायबर लेसरचं. त्याला अ‍ॅक्रिलिक कापताच येत नाही.

मोठ्या मशीनचा, म्हणजे तेराशे-नऊशेचा, अण्णांचा हट्ट दारानं मोडला. खोलीचं दार तीन फुटी आहे. मी सुतळीनं माप घेऊन ते समितीसमोर धरलं आणि त्याखालचं नऊशे-सहाशेही बारगळून सहाशे-चारशे मिलिमीटरवर एकमत झालं. तुलनात्मक तक्त्यात दाराची रुंदी हा रकाना मी स्वतःच्या हातानं आखला. तो सर्वांत आधी असायला हवा होता.

शेवटी ज्याच्याकडून घेतलं तो सगळ्यात स्वस्त नव्हता, त्यामुळं हेडसरांना कारण लिहावं लागलं. ते असं: साठ वॅट, बंद पेटी, खरा चिलर, एक जादा भिंग आणि आरसे, शिवाय गंगाखेडच्या डीटीपीवाल्याच्या कोरल ड्रॉमधली फाइल सरळ घेतं, म्हणजे अडल्यावर विचारायला माणूस पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आहे. आणि एक अट मी घातली, की शेवटचा हप्ता मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आमच्याच खोलीत मशीन तासभर चालवून दाखवल्यावर. बाकीचे यावर हसले होते. हा एकटा म्हणाला, "जेवण असेल ना?" मावशींनी हो म्हटलं.

आता राहिला उद्घाटनाचा प्रश्न. फीत लेसरनंच कापावी अशी अण्णांची सूचना. साटीनची फीत लेसरनं अगदी सुरेख कापली जाते, कडासुद्धा आपोआप बंद होतात. पण झाकण लावून बटण दाबायचं आणि पाहुण्यांनी बाजूला उभं राहायचं, म्हणजे फोटोत काय येणार? पाहुण्यांच्या स्वीय सहायकानं कळवलं, साहेबांच्या हातात काहीतरी दिसलं पाहिजे. तेव्हा बैठकीत असं ठरलं, की फीत कात्रीनंच कापावी. कात्री शिवणकामाच्या बाईंकडून आणायची, आणि मागच्या वेळेसारखी पाहुण्यांबरोबर न जाता ती परत आली पाहिजे, असं बाईंच्या आग्रहावरून इतिवृत्तात नोंदवून घेतलं.